लगामाचं टोक

डॉनकास्टरच्या पलीकडे, सांडपाण्याच्या टाक्यांमागे
कौन्सिलने दिलेले सोळा चौथरे.
पूर्वेचा वारा असला तरी नाक मुरडायचं नाही, हा पहिला धडा.
दुसरा लिअँडरने दिला, वय वर्षं नऊ :
"आधी कुत्र्याला विचार. मग आईला. मग काढ फोटो."

मी काही फोटोग्राफर नव्हे.
एकतीस वर्षं दातांच्या दवाखान्यात नर्स,
लोकांच्या उघड्या तोंडांवर दिवा धरायचा, बस.
निवृत्त झाल्यावर धर्मादाय दुकानातून अकरा पौंडांना
एक जुना रशियन कॅमेरा उचलला,
शटर त्याचं अडकित्त्यासारखं वाजतं.

म्हातारा माझ्या शेवटच्या आठवड्यातला पेशंट.
गालावर बोट ठेवून म्हणाला, "दांद."
माझ्या हाताने कागदावर मराठीतच लिहिलं, दात.
मग राहवेना. पाणी?
"पानी."
नाक? "नाक." कान? "कान."
डॉक्टर सुई घेऊन ताटकळलेले,
आणि मला चुलत्यांपैकी कुणी सापडल्यासारखं,
हजार वर्षांपूर्वी बाजाराला जाऊन न परतलेलं.
त्याने चूळ भरली, थुंकला.
"तुमच्यातलं प्रत्येक जण हेच म्हणतं, बाई.
चहाला कुणी बोलावत नाही."

मी बोलावलं. तो आला नाही.
उलट मलाच निरोप आला.

मिझेलीच्या ओट्याखाली तीन टोपल्या स्टीलच्या,
एक भांड्यांची, एक कपड्यांची, एक हातातोंडाची.
चुकून सरमिसळ झाली की टोपलीच फेकायची.
मी न विचारता चमचा बरोबर जागी ठेवला.
"कुणी शिकवलं?"
आईचं सोवळं, म्हणणार होते,
त्याला इंग्रजी सापडेना
म्हणून कॅमेरा डोळ्याला लावला.

बाहेरच्यांना हवी असते रंगीत चाकांची गाडी,
शेकोटी, कानातल्या रिंगा.
माझ्याकडे आहे
शाळेचा शर्ट इस्त्री करणारी व्हाश्ती, तोंडात दोन टाचण्या,
व्हॅनच्या विम्याचं पत्र भिंगातून वाचणारा पेरिन,
गॅसच्या सिलिंडरवर वाळणारे मोजे,
आणि जागा खाली करायच्या नोटिशीवर
उभी केलेली सॉसची बाटली. वर्तुळ उमटलंय लाल.

म्हाताऱ्याचे मात्र अख्खे छत्तीस.
कालव्याकाठी, घोडीसोबत, एका रविवारी.
तो घोडीशी बोलत होता, माझ्याशी नाही,
त्यामुळे चांगले आले.

मार्चमध्ये तो गेला.
तीन रात्री माणसं बाहेर विस्तवाभोवती जागली.
त्याची खुर्ची, कोट, कप, सगळं त्यात गेलं.
चौथ्या दिवशी मिझेली माझ्या दारात, पहिल्यांदाच.
"त्याचे सगळे दे. कागदही, फिल्मही."

मी चहा टाकला.
कुणीच न वापरलेला कप काढला, तिच्यासमोर धुतला,
कुठल्या फडक्याने पुसते ते तिने पाहिलं
आणि प्यायली.
मग आम्ही दोघी खिडकीशी, उजेडात पट्ट्या धरून,
मी एक्स-रे धरायचे तशा.
काळा चेहरा, पांढरी टोपी. कात्री.
काळा चेहरा. कात्री.
मनात म्हणत होते, हा तरी राहू दे, हा किती सुरेख,
पण तोंडातून शब्द काढला नाही.
सुरेख असणं हे कारण होऊ शकत नाही.

शेवटच्या घरात माझा हात हललेला :
घोडीचा एक कान, कालव्याचं पाणी, लगामाचं टोक.
तिने बराच वेळ धरून ठेवलं.
"यात तो नाही," म्हणाली,
आणि टेबलावर ठेवून दिलं.

इथे लिअँडर आहे, मिझेली आहे, व्हाश्ती, पेरिन.
घोडीचंही नाव सांगते, डचेस.
एक नाव तिने मला पुन्हा उच्चारू नको म्हटलंय,
मी लिहीतही नाही.

फोटो स्वयंपाकघरात लावलाय, फ्रिजच्या बाजूला.
बघणारे विचारतात, हे काय, चुकलेला का ठेवलास?
लगाम नीट बघा.
ढिला नाहीये.